चुलीपुढचा इतिहास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उखाणा घ्यायला उभे केले तरी माझे पाय लटपटतात, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “मोठा विषय घेऊच नका. तुमच्या घरात जे घडले तेच सांगा.” म्हणून घरातलेच सांगते. कमीजास्त झाले तर पदरात घ्यावे.

गेल्या दिवाळीत आमची थोरली पुण्याहून घरी आली. ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. ती जवळ येऊन बसली नि म्हणाली, “आई, मला एम. ए.ला इतिहास घ्यायचा आहे. आणि त्यातही माणसे काय खात आली, कसे शिजवत आली, याचा अभ्यास करायचा आहे.”

मला आधी समजलेच नाही. हे बाहेरून ऐकत होते. ते हसून म्हणाले, “भाकरी थापायला शिकायची तर पुण्यात फी कशाला भरायची? तुझी आई फुकट शिकवील.” मला मात्र हसू आले नाही. मला राग आला. मी म्हटले, “पोरी, धुरात माझे डोळे गेले. तू चुलीपासून सुटावीस म्हणून तुला पुण्याला ठेवली. आणि तू इतके शिकून फिरून चुलीपाशीच येऊन बसणार?”

ती काही बोलली नाही. निमूट जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या करताना ती माझ्यापुढे पाट घेऊन बसली आणि तिने मला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच मी आज तुम्हांला सांगणार आहे.

त्या गृहस्थांचे नाव परशुराम कृष्ण गोडे. जन्म १८९१ सालचा, गाव रत्नागिरी जिल्ह्यातले देवरुख. पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर नावाची संस्था आहे. ती १९१७ साली स्थापन झाली. तेथे हजारो जुन्या हस्तलिखित पोथ्या ठेवलेल्या आहेत. त्या पोथ्या सांभाळण्याच्या कामावर गोडे १९१९ साली लागले आणि १९६१ साली वारले तोपर्यंत तेच काम करीत राहिले. बेचाळीस वर्षे! पोथ्या नीट ठेवायच्या, कोणी मागितली तर काढून द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची. पण हे करता करता ते स्वतः वाचीत गेले, टिपणे काढीत गेले, आणि त्यांतून त्यांनी शेकडो निबंध लिहिले.

आता कोणी म्हणेल, पोथ्या वाचणारा विद्वान म्हणजे राजे, लढाया नाहीतर देवधर्म यांवर लिहीत असेल. गोड्यांनी तसेही लिहिले. पण त्यांनी जिलबीवर लिहिले. विड्याच्या पानावर लिहिले. घोड्याला चारतात त्या हरभऱ्यावर लिहिले. आंब्याची कलमे कधीपासून बांधू लागले त्यावर लिहिले. हाताला लावायच्या मेंदीवर लिहिले. आणि आपल्या नाकातल्या नथीवरही लिहिले! संस्कृतातल्या जुन्या ग्रंथांत बाईच्या नाकातल्या दागिन्याचा उल्लेख शोधता शोधता ते इ. स. १०००च्या सुमारास येऊन थांबले. त्याआधीचा पुरावा त्यांना मिळेना. म्हणजे नथ सीतामाईच्या काळापासूनची असे आपण समजतो, ते तसे नसावे. मी हे ऐकले तेव्हा माझा हात आपोआप नाकाकडे गेला.

त्यांची शोधायची रीत मुलीने मला समजावून सांगितली. ती आपल्यासारखीच आहे. आपल्याला एखादे पातळ कधी घेतले ते आठवत नाही, तेव्हा आपण काय करतो? धाकट्याच्या बारशाला ते नेसले होते, नणंदेच्या लग्नात नव्हते, म्हणजे मधल्या दोन वर्षांत घेतले असणार, असा हिशेब करतो. गोडे एकेका पदार्थाचे नाव घेत. ते नाव कोणकोणत्या पोथीत आले आहे ते काढीत, ती पोथी कोणत्या साली लिहिली ते पक्के करीत, आणि सगळे ओळीने लावून ठेवीत. मग तो पदार्थ आपल्याकडे कधीपासून आहे ते आपोआप दिसू लागे.

जिलबीचेच पाहा. लग्नात पंगतीला जिलबी आली की आपल्याला वाटते, ही आपल्या बापजाद्यांपासूनची. पण ‘जिलबी’ हा शब्द अरबी भाषेतल्या ‘झलाबिया’ या शब्दावरून आला, असे जाणकार सांगतात. आपल्याकडे इ. स. १४५०च्या सुमारास एका जैन लेखकाने एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणाचे वर्णन केले आहे, त्यात गोड्यांना जिलबी सापडली. पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त, म्हणजे नवाथे, या आपल्याकडच्या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा ग्रंथ लिहिला, त्यातही ती आहे. पाहुणी म्हणून आलेली जिलबी अशी हळूहळू घरची होऊन गेली.

या रघुनाथपंडितांविषयी मला विशेष सांगायचे आहे. समर्थ रामदासांशी त्यांचा स्नेह होता. पुढे ते तंजावरला गेले आणि तेथे त्यांना राणी दीपाबाईंचा आश्रय मिळाला. दीपाबाई म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या पत्नी. आपल्या डोक्यावर हा राजगड उभा आहे, त्याच्या एका दरवाजाला पाली दरवाजा म्हणतात. त्याच गडावर १६५९ साली सईबाईसाहेबांनी देह ठेवला. दीपाबाई नात्याने त्यांच्या जाऊच. म्हणजे धान्ये, भाज्या, त्यांचे गुण नि अवगुण, जेवायचे कसे, याविषयीचा ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताच्या पाठीशी भोसल्यांच्या घरातली एक सून होती. हा रघुनाथ कोण, कोठला, कोणत्या काळातला, हे शोधून जगापुढे आणण्यात गोड्यांचा हात मोठा आहे. नाहीतर ती पोथी फडक्यात बांधून पडली असती.

मुलीने मग माझी आणखी एक गंमत केली. त्या दिवशी एकादशी होती. ती म्हणाली, “आई, तुझ्या उपासाच्या ताटात आपल्या देशातले काय काय आहे, सांग बरे.” मी म्हटले, सगळेच आपले, परके अन्न उपासाला कसे चालेल? तिने एकेक बोट मोडायला सुरुवात केली. बटाटा अमेरिकेकडचा. रताळे तिकडचे. शेंगदाणा तिकडचा. मिरची तिकडची, पोर्तुगीज लोक १४९८ साली जहाजाने आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर त्यांच्याबरोबर ती आली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. राजगिराही बहुतेक तिकडून आलेला. मी म्हटले, “अगं, मग राहिले काय?” ती म्हणाली, “वरी राहिली. आपल्या डोंगरावरची वरी अस्सल इथली आहे.”

मैत्रिणींनो, मला खरेच भरून आले. वरी म्हणजे गरिबाचे धान्य, वरकस जमिनीतले. भात कमी पडला की वरी शिजवायची. पाहुण्यांपुढे वरीचा भात ठेवायची आपल्याला लाज वाटे. नाचणीच्या भाकरीचेही तसेच. नाचणी मूळची आफ्रिकेतली असे म्हणतात, पण तिला इथे येऊन हजारो वर्षे झाली. तिला आता परकी कोण म्हणेल? २०२३ साल हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साऱ्या जगाने पाळले. आता रविवारी गड चढायला येणारी शहरातली मुले आपल्याकडे पिठल्याबरोबर नाचणीची भाकरी मागून घेतात आणि आपण चकित होतो. आपल्याला आपल्या ताटाचा इतिहास ठाऊक नाही म्हणूनच लाज वाटत होती, दुसरे काही नाही.

येथवर मला गोष्ट आवडली होती. पण मी मुलीला एक प्रश्न विचारला. म्हटले, “तुझ्या गोड्यांच्या पोथ्यांत आपली नाचणीची भाकरी आहे का? कुर्डूची भाजी आहे का? शेतात लावणीला जाताना आपण फडक्यात काय बांधून नेतो, ते कोणी लिहिले आहे का?”

ती म्हणाली, “तेच तर, आई. फारसे नाही.”

पोथ्या लिहिणारे पंडित होते. ते राजाच्या आश्रयाला असत, म्हणून राजाचे ताट त्यांनी लिहिले. इ. स. ११३०च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ केला, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, तऱ्हेतऱ्हेचे मांस आहे. पण ते सारे राजाच्या मुदपाकखान्यातले. पुढे छापखाने आल्यावर मराठीत पाकशास्त्राची पुस्तके निघाली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले, त्यात हजार पाककृती आहेत. मोठे काम खरे, पण तेही शहरातल्या, खात्यापित्या घरांसाठी. गोड्यांसारखा माणूससुद्धा जे लिहिलेले आहे तेच वाचू शकतो. ज्या घरात कोणाला लिहिताच येत नव्हते, त्या घरच्या चुलीवर काय शिजले हे त्याला कोठून कळणार?

याला दुसरा एक मार्ग डेक्कन कॉलेजातल्या विद्वानांनी काढला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरकडे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे त्यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी घरे निघाली. त्या घरांत चुली होत्या, कणग्यांच्या जागा होत्या, आणि जळून कोळसा झालेले दाणे होते. ते दाणे पारखून त्यांनी सांगितले की ही माणसे मुख्यतः सातू खात, गहू आणि डाळीही खात. तेथे एका अक्षराची पोथी नव्हती. बाईच्या हातून चुलीत सांडलेला दाणा तेवढा बोलला. आपण रोज राख उकिरड्यावर टाकतो; त्या राखेला कोणी इतके जपेल असे कोणाच्या मनात तरी येईल का?

पण जळका दाणा सगळेच सांगत नाही. दाणा सातूचा आहे हे तो सांगेल. तो कसा रांधला, आजाऱ्याला कसा दिला, बाळंतिणीला कसा दिला, हे तो सांगणार नाही. ते फक्त बाई सांगेल. आणि ती गेली की संपले.

हे मी ऐकीव बोलत नाही. माझ्या घरात घडले आहे.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुम्हां सर्वांना माहीत होत्या. रानातली कोणती भाजी कधी खुडायची, कोणती नुसती चाखूनही पाहायची नाही, हे त्यांना पाठ होते. दिवाळीच्या सुमारास त्या रानातला सुरण खणून आणीत. आम्ही अठरा वर्षे त्यांच्या हातचा खाल्ला, कधी कोणाच्या घशाला खाज आली नाही. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. पुढच्या वर्षी मी हौसेने सुरण खणून आणला. चिरला, उकडला, परतला. मुलांना वाढला. घटकाभरात धाकट्याची जीभ सुजली, घसा धरला, त्याला थुंकीही गिळवेना. रात्री शेजाऱ्यांची जीप काढून त्याला डॉक्टरांकडे नेले. थोरली तेव्हा बारावीत होती. ती वाटभर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. देवाच्या दयेने तो वाचला.

सुरणात सुयांसारखे बारीक कण असतात, ते घशात टोचतात, असे डॉक्टरांनी सांगितले. आत्याबाई त्यावर काहीतरी आंबट घालीत एवढे मला आठवत होते. पण काय घालीत, किती घालीत, उकडायच्या आधी की मागून, पाणी किती वेळा टाकीत, कोणता सुरण घेत आणि कोणता टाकून देत, हे मला सांगता येईना. अठरा वर्षे मी त्यांच्या शेजारी बसले, पण त्या ते करीत तेव्हा मी पाण्याला गेलेली असे, नाहीतर पोराला घेऊन बसलेली असे. आणि मी कधी विचारलेही नाही. मला वाटले, आत्याबाई आहेतच की.

त्या दिवशी पाटावर बसून मुलगी मला म्हणाली, “आई, आजीला जे ठाऊक होते ते मी पुण्यात पुस्तकांत शोधले. रानसुरणाचे गुण सापडले, आजीची रीत सापडली नाही. ती कोठेच लिहिलेली नाही. म्हणून मला हा अभ्यास करायचा आहे.”

तव्यावरची भाकरी करपली, पण माझे लक्ष नव्हते.

मग तिने मला दुर्गाबाई भागवतांचे सांगितले. मोठ्या विदुषी. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. तरुणपणी आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करायला त्या रानावनात हिंडत होत्या, तेथे त्यांच्या खाण्यात सुरणच आला. तो असा बाधला की त्यांना कित्येक वर्षे अंथरुणावर काढावी लागली आणि पदवीचा अभ्यास सुटला तो सुटलाच. पण त्यांनी लोकांच्या चालीरीती, कहाण्या आणि खाणेपिणे यांचा अभ्यास सोडला नाही. पुढे त्यांनी ‘खमंग’ नावाचे खाद्यपदार्थांवरचे पुस्तकही लिहिले. ज्या अन्नाने घात केला त्याच अन्नाचे कौतुक त्या करीत राहिल्या. मला वाटले, माझी मुलगीही त्याच वाटेची आहे. धाकट्याचा घसा सुजला त्या रात्रीच तिची वाट ठरली असावी. मला ती आता कळली.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय ठरले? मी खोटे सांगणार नाही. ह्यांनी अजून मनापासून होकार दिलेला नाही. “एक वर्ष बघू,” म्हणाले. या सुगीचे इंद्रायणीचे चार पोते विकून तिची फी भरली. शिकून तिला नोकरी लागेल का, हे मला ठाऊक नाही. नातेवाइकांत हसे झालेच आहे, “पोरगी स्वयंपाकात एम. ए. होणार” असे एका लग्नात मी माझ्या कानांनी ऐकले. गोडेसुद्धा कोठे मोठे प्राध्यापक नव्हते. पोथ्या सांभाळायचे काम करता करता त्यांनी हे केले. पण मी मुलीला एवढे सांगितले आहे की, तू चुलीपाशी परत येत नाहीस. तू चुलीला तुझ्याबरोबर पुढे नेते आहेस. तेव्हा मागे बघू नकोस.

भगिनींनो, शेवटी एक विनंती करते आणि माझे भाषण संपवते.

माझी मुलगी शिकेल तेव्हा शिकेल. पण आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायका तोवर थांबतील असे नाही. आपल्या मंडळात भिशीची वही आहे, हजेरीची वही आहे. तशीच आणखी एक वही घालावी. दर महिन्याच्या सभेला एका वडीलधाऱ्या बाईला मधोमध बसवावे आणि तिला विचारावे. राबाच्या दिवसांत काय खात होतात? लावणीच्या वेळी धान्य सरले की काय शिजवीत होतात? भारंगीचा कडूपणा कसा काढता? मुठे खेकडे कसे कुटता? बाळंतिणीला पहिले दहा दिवस काय देता? ती सांगेल तसे, तिच्याच शब्दांत, लिहून घ्यावे. माप म्हणून ती “चिमूट” म्हणाली तर चिमूट लिहावे, “ओंजळ” म्हणाली तर ओंजळ लिहावे. कोणाच्या हातून चुकले, कशाने बाधले, तेही लिहावे. माझ्या सुरणाची गोष्ट पहिल्या पानावर लिहायला माझी हरकत नाही.

आपले शिक्षण कमी, आपण काय लिहिणार, असे म्हणू नका. ‘रुचिरा’ हे पुस्तक आज किती घरांत आहे! ते १९७० साली निघाले. ते लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. मी तर सातवी आहे. म्हणजे त्यांच्यापेक्षा तीन इयत्ता पुढेच!

वही मी आणली आहे. पहिल्या पानावर आत्याबाईंचे नाव लिहिले आहे आणि त्याखाली जागा कोरी ठेवली आहे. सुरणाची त्यांची रीत तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल, कोणाच्या सासूबाईंना, आजेसासूबाईंना ठाऊक असेल, तर आज घरी जाण्यापूर्वी मला सांगून जावे. मी येथेच बसले आहे.